मार्बल क्वीन मनीप्लांटची नवी पानं हिरवी येताहेत, जुन्या पानांचा पांढरा भाग करपतोय

पर्वरीची खिडकी

नमस्कार. घरात टांगलेल्या मार्बल क्वीनबद्दल विचारायचंय. माहिती एकदमच देते.

कुंडी ६ इंची, प्लास्टिकची, टांगायची. खाली घट्ट बसवलेली ताटली. माती नर्सरीतून आली तीच, तांबडी माती आणि शेणखत. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. खिडकी पूर्वेची, पण मे अखेरीला पावसासाठी बाहेरून निळं प्लास्टिक बांधलंय. कुंडी खिडकीपासून साधारण ५ फूट आत, छताच्या हुकाला. चार वेली, सगळ्यात लांब ४ फुटांची. पाणी एक दिवसाआड एक पेला. जूनमध्ये एकदा १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) दिलं, एक छोटा चमचा लिटरभर पाण्यात.

जूनपर्यंत पानं निम्मी पांढरी, निम्मी हिरवी येत होती. आता दोन वेलींची शेंड्याकडची चार-पाच पानं जवळजवळ पूर्ण हिरवी आहेत. तिसरीचं उलट, शेवटची तीन पानं पांढरीफटक. जुन्या पानांच्या पांढऱ्या भागावर कागदासारखे वाळलेले तपकिरी डाग. कुंडीजवळची पानं पिवळी होऊन गळतात, त्यामुळे वर नुसत्या दांड्या आणि पानं सगळी खाली. मातीवर बारीक काळ्या माश्याही उडतात.

खत वाढवू का? हिरव्या वेली कापल्या तर पुन्हा पांढरं येईल का? चवथ (गणेशचतुर्थी) तीन आठवड्यांवर आलीय आणि माटोळी (गणपतीवर टांगायची फळांची आरास) त्याच हुकांना बांधायची असते, म्हणजे कुंडी तिथून हलणार हे नक्की. तेव्हाच काय ते एकदा नीट करावं म्हणते.


अंत्रुजची परसबाग

ताई, खत वाढवू नका, आहे तेही थांबवा. छोटा चमचा म्हणजे जवळपास ५ ग्रॅम. घरातल्या मनीप्लांटला लिटरला १ ग्रॅम पुरे. जास्तीचे क्षार मातीत साठतात, मुळांना पाणी ओढणं जड जातं आणि पानांच्या पांढऱ्या कडा सगळ्यांत आधी करपतात.

मूळ कारण मात्र उजेड. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळजवळ नसतं. तो भाग स्वतः अन्न करत नाही, शेजारच्या हिरव्यानं केलेल्यावर जगतो. उजेड भरपूर असेल तर हिरव्याला हे ओझं झेपतं. उजेड घटला की नव्या पानात हिरवं वाढतं आणि जुन्या पानातला पांढरा भाग, जो मुळातच परावलंबी, तो वाळायला लागतो. तुमच्याकडे दोन्ही एकाच वेळी दिसतंय.

आता हिरव्या वेलींबद्दल. त्या दोन तऱ्हेच्या असतात आणि कात्री लावण्याआधी त्या ओळखाव्या लागतात. पान सोडा, दांडी बघा. शेंड्याकडची दांडी दोन बोटांत धरून उजेडासमोर सावकाश फिरवा. मार्बल क्वीनच्या दांडीवर दुधी रंगाच्या रेघा असतात, काही केसासारख्या बारीक, काही सुतळीएवढ्या रुंद. पान हिरवं असूनही रेघा शेंड्यापर्यंत चालू असतील, तर ती वेल फक्त उजेडाला आसुसलेली आहे. जागा बदला, पुढची पानं हळूहळू पांढरं धरतील. आलेली हिरवी पानं मात्र तशीच राहणार, पान एकदा उघडलं की त्याची नक्षी बदलत नाही.

रेघ मध्येच कुठेतरी संपून पुढची दांडी सगळीकडून हिरवीगार असेल, तर ती वेल उलटली. तिथून पुढे पांढरं परत यायची आशा ठेवू नका. उलट अशी वेल जोमाने वाढते, कारण तिचं प्रत्येक पान पूर्ण कमावतं, आणि वर्षभरात कुंडी तिचीच होते. ती कापायलाच हवी.

कुठे कापायची ते सांगतो. प्रत्येक गाठीला एक पान असतं, पानाच्या बगलेत एक डोळा आणि दांडीच्या बाजूला हवाई मुळाचा तपकिरी उंचवटा. कापल्यावर नवा फुटवा त्या डोळ्यातून येतो, आणि त्याचा रंग डोळ्याखालची दांडी ठरवते. डोळ्याखालून दुधी आणि हिरव्या रेघा दोन्ही जात असतील तर फुटवा मिश्र. तिथे नुसतं हिरवं असेल तर फुटवा हिरवा, नुसतं दुधी असेल तर पांढरा. म्हणून शेंड्याकडून मागे या, जिथे डोळ्याखाली दोन्ही रंग दिसतात ती गाठ ठेवा आणि तिच्या पुढे अर्ध्या इंचावर कापा. ब्लेड स्पिरिटने पुसलेलं असू द्या.

पांढरीफटक वेलही याच नियमाने मागे घ्या. ती तीन पानं दिसायला फार सुंदर, पण ती काही कमावत नाहीत आणि पावसाच्या अंधारात बाकीच्या झाडाच्या जिवावर उठतात. कापताना जीव हळहळतो हे खरं, तरी कापा.

जागेबद्दल. छताच्या हुकाला टांगलेल्या कुंडीचं तोंड खिडकीच्या वरच्या चौकटीपेक्षा उंच असतं. उजेड खिडकीतून खाली जमिनीकडे उतरतो, म्हणजे कुंडीचा माथा अंधारात आणि शेपट्या उजेडात. वरचा भाग उघडा पडण्याचं निम्मं कारण हेच. दोरी लांब करा. मातीचा पृष्ठभाग खिडकीच्या वरच्या चौकटीच्या किमान ६ इंच खाली आला पाहिजे. खिडकीपासूनचं अंतर दीड ते दोन फूट. आणि ते निळं प्लास्टिक काढून पारदर्शक लावा, निळं ताडपत्रीसारखं असेल तर बहुतेक उजेड तिथेच अडतो.

मोबाइलवर लक्समीटरचं, म्हणजे उजेड मोजायचं अॅप घ्या. सकाळी ११ च्या सुमाराला फोन पानाजवळ, स्क्रीन खिडकीकडे करून धरा. आकडे अगदी नेमके नसतात पण तुलना करायला चांगले. १,००० लक्सच्या खाली झाड नुसतं तग धरतं. ३,००० ते ५,००० मध्ये नक्षी टिकते. ८,००० ते १०,००० मिळाले तर मार्बल क्वीन नावाला शोभेल अशी पानं देते. फोन नसला तरी दोन गाठींमधलं अंतर सांगतंच: दीड-दोन इंच असेल तर उजेड पुरतोय, चार इंच झालं की झाड उजेड शोधत लांबतंय.


डिचोलीची माती

उजेडाबद्दल वर सगळं आलंय, मी मुळांचं लिहितो. पिवळी पानं आणि काळ्या माश्या ही ओल्या मातीची लक्षणं आहेत.

आपली तांबडी माती जमिनीत चांगली, कुंडीत वाईट. तिचे कण बारीक. सारखं पाणी पडलं की दाबून बसते आणि मुळांपाशी हवा राहत नाही. उलट एप्रिलमध्ये पूर्ण वाळली की कुंडीच्या कडेपासून सुटते, मग घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि मधलं मूळ कोरडंच राहतं. म्हणजे दोन्ही ऋतूंत नुकसान. त्यात घट्ट बसवलेली ताटली, तिच्यात पाणी साचलेलं वरून दिसतही नाही. पावसाच्या हवेत एक दिवसाआड पेलाभर पाणी म्हणजे माती कधी वाळतच नाही.

टांगायच्या मनीप्लांटसाठी मिश्रण, वाटीच्या मापाने: भिजवलेलं कोकोपीट ४ वाट्या, नारळाच्या सोडणाचे अर्ध्या इंचाचे तुकडे २ वाट्या, परलाइट (हलके, फुगवलेले पांढरे खडे) २ वाट्या, गांडूळखत दीड वाटी, निंबोळी पेंड २ मोठे चमचे. परलाइट नसेल तर चिऱ्याची बारीक खडी, हरभऱ्याएवढी, चाळून धुऊन घ्या. फक्त कुंडी जड होईल, हूक बघून घ्या. वाळू घालायचीच असेल तर समुद्रावरची नको, आणि खाडीच्या तोंडाजवळची नदीची रेतीही नको, दोन्हींत मीठ असतं.

कोकोपीट धुतल्याशिवाय वापरू नका. ६५० ग्रॅमची वीट फुगून ८-९ लिटर होते. बादलीत भिजवा, फडक्यातून पिळा, पाणी फेका, असं तीन वेळा. पहिलं पाणी चहासारखं काळं येतं, तिसरं फिकं आलं की झालं. सोडणाचे तुकडेही दोन दिवस भिजवून पाणी फेकून द्यायचं.

आता कुंडी उलटी करून मुळं बघा. निरोगी मूळ पांढरट किंवा फिकं पिवळं, ओढलं तर ताठ लागतं. कुजलेलं मूळ तपकिरी, आणि चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून येते, आत दोऱ्यासारखी शीर उरते. वासही येतो. हे बहुतेक पिथियम किंवा फायटोफ्थोरा या साचलेल्या पाण्यात वाढणाऱ्या बुरशीसारख्या जीवांचं काम.


मडगावची गच्ची

डिचोलीभाई, मिश्रण उत्तम. पण आत्ता भर पावसात कुंडी उलटी करून माती बदलायला सांगू नये असं माझं मत आहे. हवेत इतका दमटपणा असताना तुटलेली मुळं भरून येण्याआधी कुजतात. उजेडात न्या, पाणी तोडा, ताटली काढा आणि माती बदलायचं चवथ उलटून ऊन पडू लागल्यावर. सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर हा आपल्याकडचा सगळ्यात चांगला काळ: उजेड परत आलेला असतो, उकाडा असतो, मुळं झपाट्याने धरतात. कटिंगचंही तेच.


डिचोलीची माती

मुळं पांढरी निघाली तर तुम्ही म्हणता तेच बरोबर, मातीला हात लावू नये, गोळा तसाच परत बसवावा. पण कूज सुरू झाली असेल तर थांबून चालणार नाही. तीन आठवड्यांत ती दांडीत चढेल आणि मग ऑक्टोबरसाठी काही उरणारच नाही. म्हणून आधी बघणं महत्त्वाचं. बघण्यापुरता गोळा सबंध बाहेर येतो. दोन दिवस पाणी दिलं नाही तर कुंडीच्या कडा दाबून सहज सुटतो, मुळं तुटत नाहीत.


पर्वरीची खिडकी

काल पाहिलं. कडेची आणि तळाची मुळं तपकिरी, साल निघते, नाल्यासारखा वास. मधला मुठीएवढा गोळा पांढरा आहे. ताटलीत बोटभर पाणी साचलेलं होतं.

दांड्या उजेडासमोर फिरवून पाहिल्या. हिरव्या वेलींपैकी एकीवर रेघा शेंड्यापर्यंत आहेत. दुसरीवर पानांच्या सहाव्या गाठीनंतर एकही रेघ नाही. अॅपवर आधीच्या जागी ३८० लक्स आले. प्लास्टिक काढून खिडकीपासून दीड फुटावर २,६००.

आता नेमकं काय क्रमाने करू? आणि घरात मांजर आहे, कुंडी खाली आणली तर ती शेपट्यांशी खेळणार.


डिचोलीची माती

मग आत्ताच करायचं. क्रम असा.

गोळा बादलीतल्या पाण्यात बुडवून माती सुटू द्या, नळाच्या धारेने ओढू नका. साल निघणारं प्रत्येक मूळ पांढऱ्या भागापर्यंत कापा. संशय असेल तर कापलेलंच बरं. प्रत्येक कापाआधी कात्री स्पिरिटने पुसा, नाहीतर कूज तीच कात्री पुढे नेते. मुळं अर्धा तास कागदावर वाऱ्याला ठेवा.

जुन्या ६ इंची कुंडीत परत लावू नका. मुळं मुठीएवढी उरली असतील तर कुंडी ४ इंची हवी, गोळ्याभोवती बोटभर जागा राहील एवढीच. मोठ्या कुंडीत मुळं पोहोचत नाहीत तिथलं पाणी पडून राहतं आणि पुन्हा तेच. डिचोलीकडे मिळते तशी बिनरंगाची मातीची कुंडी पावसाळ्यात प्लास्टिकपेक्षा चांगली, कडेतूनही ओल सुकते. बाहेरून हिरवी शेवाळ धरते ती ब्रशने घासून टाका. कुंडीच्या तळाला खापराचा एक तुकडा भोकावर पालथा ठेवला की पुरे; खडीचा थर घालून निचरा वाढत नाही, उलट ओला भाग मुळांच्या जवळ येतो.

मिश्रण ओलसर असू द्या, मुठीत दाबलं तर गोळा व्हावा पण थेंब गळू नये इतकं. झाड बसवल्यावर तीन दिवस पाणी नाही. नंतर दिलंत तर भोकातून गळेपर्यंत द्या, दहा मिनिटांनी ताटलीतलं ओतून टाका. रोज थोडं थोडं पाणी ही सवय सोडा. त्याने वरचा थर ओला राहतो, आणि त्या थरातच माश्या अंडी घालतात.

पाणी कधी द्यायचं हे वारावर ठरवू नका. स्वयंपाकघरातल्या काट्यावर कुंडी तोला: पूर्ण भिजून निथळल्यावर १ किलो भरली, तर ६५०-७०० ग्रॅमवर आली की पुढचं पाणी. दोन-तीन वेळा तोललं की हाताला अंदाज येतो. काटा नसेल तर बोट दोन पेरं खुपसा, टोकाला ओल लागली तर थांबा. पान मलूल दिसतं म्हणून पाणी घालू नका, आधी माती बघा. माती ओली आणि पान मलूल म्हणजे मूळ कुजतंय, तिथे आणखी पाणी म्हणजे घात.

माश्यांसाठी वरचा दीड इंच थर प्रत्येक वेळी वाळू देणं हाच उपाय. मोठ्या माश्या पकडायला पिवळा चिकट कागद कुंडीत उभा खोचा. अळ्या मातीत असतात, त्या वाळल्या थरात मरतात. तीन-चार आठवडे धीर धरावा लागतो, एका पिढीनंतर दुसरी निघत असते.


अंत्रुजची परसबाग

कापण्याचं मी पुरं करतो.

रेघा असलेली हिरवी वेल कापू नका, उजेडात ती सुधारेल. दुसरी सहाव्या गाठीच्या पुढे अर्ध्या इंचावर कापा, पण त्याआधी त्या गाठीच्या डोळ्याखाली दोन्ही रंग आहेत ना ते बघा. नसतील तर पाचवीवर या. पांढरी वेल मिश्र गाठीपर्यंत मागे. मुळं निम्मी गेलीत, म्हणून वरचं ओझंही तेवढंच कमी व्हायला हवं. लांब वेली दोन-दोन फुटांवर आणा.

कापलेल्याचं वाया जाऊ देऊ नका. एका गाठीची कटिंग करा: गाठीखाली १ इंच दांडी, वर अर्धा इंच, एक पान. मिश्र रेघा असलेल्या गाठीच निवडा. नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवलं तर मूळ फुटतं, पण वेल कधीच होत नाही, कारण डोळा दांडीवर असतो. आणि पूर्ण पांढऱ्या गाठी ठेवूच नका, फुटल्या तरी उपाशी मरतात.

कटिंगला दोन तास वाऱ्यावर ठेवून कापलेलं तोंड सुकू द्या, मग तपकिरी काचेच्या बाटलीत, गाठ बुडेल आणि पान पाण्याबाहेर राहील अशी. दहा-पंधरा दिवसांत पांढरे कोंब दिसतात. जास्त पांढऱ्या कटिंगला महिनाही लागतो. मुळं २ ते ३ इंच झाली की मातीत. याहून लांब होऊ दिली तर ती पाण्यालाच सरावतात आणि मातीत गेल्यावर झाड बराच वेळ थबकतं. पाणी आठवड्यातून दोनदा बदला. कुजू नये म्हणून तर खराच, पण डेंगीच्या डासाला अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. बाटली, ताटली, कुंडीबाहेरची शोभेची कुंडी, कुठेच तीन-चार दिवसांहून जास्त पाणी उभं राहू नये.

वरचा उघडा भाग भरायला वेगळं झाड नको. ऑक्टोबरमध्ये दोन वेली उचलून मातीवर गोल फिरवा, गाठीचा हवाई मुळाचा उंचवटा मातीला टेकेल असा, आणि केसांच्या यू पिनेने दाबून ठेवा. गाठ पुरायची नाही, फक्त टेकवायची. तीन-चार आठवड्यांत प्रत्येक गाठ खाली मूळ धरते आणि डोळा वर फुटतो. शेंडा खुडला तर मागचे डोळे लवकर जागे होतात, कारण वाढता शेंडा त्यांना दाबून ठेवत असतो.

मांजरीचं हलक्यात घेऊ नका. मनीप्लांटच्या पानात, दांडीत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. मांजरीने किंवा कुत्र्याने चावलं की तोंड, जीभ सुजते, लाळ गळते, उलटी होते. तोंड पाण्याने धुवा आणि पशुवैद्याला फोन करा. कापतानाच्या चिकानेही काहींच्या हाताला खाज सुटते, मोजे घाला. कुंडी खिडकीच्या वरच्या चौकटीखाली ठेवायची आणि शेपट्या मांजरीच्या उडीबाहेर, हे दोन्ही साधायचं तर वेली दोन फुटांहून लांब होऊ देऊ नका. जास्तीची लांबी वर वळवून मातीवर पिनेने टेकवा, झाडही दाट होतं.

२,६०० लक्स पावसाळ्यापुरते चालतील. ढगाळ दिवस फार असतील तर २० वॅटची पांढरी एलईडी ट्यूब, ६५०० केल्विनची, कुंडीवर ८-१० इंचांवर, रोज १२ तास टाइमरने. जांभळ्या दिव्याची गरज नाही. त्यात पानांची नक्षी धड दिसतही नाही, म्हणजे डाग पडले तर कळणार नाहीत.


मिरामार वारा

किनाऱ्यालगत राहणाऱ्यांसाठी थोडं. पश्चिमेच्या खिडकीत वाऱ्याबरोबर खारं पाणी येतं, पानावर सुकतं आणि पांढऱ्या भागावर ठिपक्यांनी डाग पडतात. आठवड्यातून एकदा साध्या पाण्याने भिजवलेल्या मऊ फडक्याने पान खालून हाताचा आधार देऊन पुसा. दूध, खोबरेल, पानं चमकवायचे स्प्रे काहीच लावू नका, धूळ चिकटते.

पाण्याचंही सांभाळा. समुद्राजवळच्या विहिरींचं पाणी एप्रिल-मेमध्ये खारट होतं. जिभेला मचूळ लागलं तर कुंडीला नको. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी तर नकोच, सगळे क्षार त्याच्यातच उतरलेले असतात. एसीचं ठिबकणारं पाणी चालतं. पन्हाळीचं पावसाचं पाणी सगळ्यांत चांगलं, पहिल्या दोन पावसांचं सोडून, कारण ते छप्पर धुऊन येतं. दर तीन महिन्यांनी कुंडीच्या आकाराच्या तिप्पट पाणी सावकाश ओतून साठलेले क्षार वाहवून द्या. मातीच्या कुंडीबाहेर पांढरा थर दिसू लागला की ती वेळ आली समजा.

ऋतूंचा अंदाज: जून ते ऑगस्ट दहा-बारा दिवसांनी एक पाणी, ऑक्टोबरच्या उकाड्यात चार-पाच दिवसांनी, डिसेंबर-जानेवारीत आठवड्याने, मार्च ते मे तीन-चार दिवसांनी. एसीच्या खोलीत यात फरक पडतो, तिथे वजनच बघा. आणि एसीचा झोत थेट वेलीवर नको. कोरड्या झोतात पानामागे लाल कोळी धरतो, पान वरून सुईने टोचल्यासारखं फिकं दिसतं.


कळंगुट ४०३

मध्येच विचारतो. माझ्याकडच्या झाडाला नर्सरीत सिल्व्हर मनीप्लांट म्हणाले. त्याचीही हिरवी वेल कापायची का? आणि एन-जॉय, पर्ल्स अँड जेड हे कसे ओळखायचे?


अंत्रुजची परसबाग

सिल्व्हर म्हणजे बहुधा सिंडाप्सस पिक्टस, ते मनीप्लांटच नव्हे, त्याच कुळातलं पण वेगळं झाड. त्याची चांदी हरितद्रव्याच्या अभावाने नसते. पानाच्या वरच्या सालीखाली हवेचे कप्पे असतात, त्यांवरून उजेड परततो. खालचा थर हिरवाच असतो, त्यामुळे ते कमी उजेडात अधिक तगतं आणि मार्बल क्वीनसारखं उलटत नाही. फक्त पाणी त्याला आणखी जपून.

बाकीचे ओळखायला पान जवळ धरा. मार्बल क्वीनमध्ये पांढरं आणि हिरवं शिंतोडे उडाल्यासारखं मिसळलेलं असतं. एन-जॉयचं पान लहान, पांढरं आणि हिरवं वेगवेगळ्या ठिगळांत, सीमारेषा स्वच्छ. पर्ल्स अँड जेड तसंच लहान, पण पांढऱ्या ठिगळावर हिरवे-राखाडी ठिपके पसरलेले. ही जात फ्लोरिडा विद्यापीठाने मार्बल क्वीनपासूनच काढली. मंजुळाचं पान रुंद, कडा लहरी. पांढरं जितकं जास्त तितकी वाढ सावकाश आणि उजेडाची गरज जास्त, एवढं धरून चाला. पिवळ्या शिंतोड्यांचा साधा गोल्डन सर्वांत सोशिक.

आपल्याकडे माडावर, आंब्यावर चढलेला असतो तो हाच गोल्डन, पानं सुपाएवढी आणि फाटलेली. जात वेगळी नाही. आधार मिळून वर चढला की तो प्रौढ पानं काढतो, लोंबत राहिला की पानं लहानच राहतात. म्हणून टांगलेल्या झाडाच्या पानांचा आकार वाढावा म्हणून खत घालत बसू नका. आणि छाटलेल्या वेली कुळागरात (पोफळीच्या बागेत) किंवा कुंपणाला फेकू नका, प्रत्येक गाठ मूळ धरते आणि झाडावर चढली की काढणं फार कष्टाचं. कचऱ्यात टाकायच्या तर पूर्ण वाळवून.

हे झाड मूळ फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटाचं. ते फुलत जवळजवळ नाहीच, कारण फुलण्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक तयार करणारं जनुक त्याच्यात काम करत नाही. १९६४ नंतर त्याचं आपणहून फुलणं नोंदलेलं नाही. मग बी कुठलं? घराघरांतला मनीप्लांट कुणीतरी एखादी गाठ निवडून लावली म्हणून आला. मी गाठ बघा, गाठ बघा असं म्हणत राहतो ते यासाठी. कटिंग देताना हिरवी गाठ दिलीत तर घेणाऱ्याच्या घरी कधीच मार्बल क्वीन होणार नाही.


मडगावची गच्ची

मुळं कुजलेली निघाली म्हणजे आत्ताच बदलणं योग्य, मान्य. एक भर घालतो. माती बदलल्यावर पहिले दोन आठवडे खिडकी बंद असेल तर पंखा मंद ठेवा. घुसमटलेल्या ओल्या हवेत पानावर दुसराच रोग येतो. जुने डाग तुमच्याकडे कोरडे, कागदी आहेत, त्यांची काळजी नाही, ते पसरत नाहीत. पण पाण्याने भिजल्यासारखा काळपट डाग आणि भोवती पिवळं वलय दिसलं तर तो जिवाणूंचा. ते पान देठासकट काढून बाहेर टाका, पानांवर पाणी शिंपडणं बंद करा. कोरडा डाग छाटायचा असेल तर तपकिरी भागाची एक बारीक कड ठेवून कापा. जिवंत पांढऱ्यात कापलं की तिथून पुन्हा करपतं.

बगलेत कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण. कानात घालायच्या काडीला स्पिरिट लावून एकेक टिपा, मग लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि १ मिली भांड्यांचा साबण घोटून संध्याकाळी फवारा. पांढऱ्या पानांना तेल सोसत नाही कधी कधी, आधी एका पानावर लावून दोन दिवस थांबा. आणि मुंग्यांची रांग दिसते का ते बघा, मुंग्याच त्यांना कुंडीकुंडीत पोहोचवतात.


पर्वरीची खिडकी

सगळं लिहून घेतलं. ४ इंची मातीची कुंडी आणि कोकोपीटची वीट आणलीय, वीट भिजत आहे, पहिलं पाणी खरंच काळं आलं. एकच राहिलं: खत पुन्हा कधीपासून? देव बरें करूं, सगळ्यांना.


डिचोलीची माती

नवं पान पूर्ण उघडेपर्यंत काहीच नको, गांडूळखत मिश्रणात आहेच. बहुधा ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उजाडेल. तेव्हा १९:१९:१९ लिटरला अर्धा ग्रॅम, ओल्या मातीवर, २० दिवसांनी एकदा. दोन-तीन वेळा सोसलं तर १ ग्रॅमवर जा. मे अखेरीला पुन्हा थांबवा. युरिया देऊ नका.

आणि माटोळी उतरली तरी कुंडी त्या हुकाला परत नेऊ नका.